ज्वालामुखी वाचणारे फादर

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची सहल पावागडला गेली होती. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. वर चढताना सोबतच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी खालचा एक दगड आणि वरचा एक दगड हातात दिला आणि फरक सांगा म्हणाले. खालचा काळा, जड. वरचा फिकट, हलका. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला एवढंच दिसलं. सरांनी सांगितलं की दोन्ही लाव्हारसच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. खालचा बेसॉल्ट, वरचा ऱ्हायोलाइट. एक पाण्यासारखा वाहून गेला, दुसरा जागच्या जागी घट्ट बसला. सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत आपली सगळी काळी कातळं पहिल्या जातीची आहेत. पावागडच्या माथ्यावर मात्र दुसरी जात सापडते.

घरी येऊन मी या दोन जातींबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता एका धर्मगुरूपाशी जाऊन पोहोचले. त्यांचं नाव तुम्ही सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे, फक्त तो माणूस होता हे आपल्या लक्षात राहिलेलं नाही. भूकंपाच्या धड्यात रिश्टर स्केलच्या शेजारी एक मर्केली स्केल असतं ना, ते त्यांचं. फादर जुझेप्पे मेर्काल्ली. त्यांची ही गोष्ट.

जुझेप्पे म्हणजे जोसेफ. जन्म २१ मे १८५०, मिलान शहरात. तेव्हा इटली नावाचा एकसंध देश नव्हता, मिलानवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत इटलीचं राज्य उभं राहिलं आणि वीस वर्षांचा झाला तेव्हा नव्या राज्याच्या सैन्याने रोमही घेतलं. पोप आणि राज्य यांच्यात उभा दावा सुरू झाला. देशावर प्रेम करावं की चर्चवर, असा प्रश्न त्या काळच्या इटालियन कॅथलिक तरुणांसमोर खरोखरच उभा होता. जुझेप्पेने दोन्हींवर केलं, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

त्याला गुरू भेटले ते आन्तोनियो स्तोप्पानी. तेही फादर आणि तेही भूगर्भशास्त्रज्ञ. इटलीच्या निसर्गाबद्दल त्यांनी लिहिलेलं पुस्तक तेव्हा घरोघरी वाचलं जात होतं. डोंगर हा देवाने लिहिलेला ग्रंथ असेल, तर तो डोळे मिटून वाचता येत नाही, पायी चढूनच वाचावा लागतो, ही शिस्त शिष्याने या गुरूकडून घेतली असावी. मेर्काल्ली धर्मगुरू झाले, आणि मिलानजवळच्या मोंझाच्या सेमिनरीत निसर्गविज्ञान शिकवू लागले. सकाळी मिस्सा, दिवसभर वर्ग आणि सुट्टी लागली की हातात हातोडी.

सुरुवातीला त्यांचा विषय होता हिमनद्यांनी मागे टाकलेले दगडगोटे. मग ते दक्षिणेकडे वळले. इटलीसारखं नशीब कुठल्याच देशाचं नाही, चांगलं म्हणा की वाईट. एकाच देशात एट्ना, व्हेसुव्हियस, स्ट्रॉम्बोली आणि व्हल्कानो असे चार जिवंत ज्वालामुखी, आणि चौघांचे चार स्वभाव. मेर्काल्लींनी १८८३ मध्ये इटलीतल्या ज्वालामुखींवर आणि भूकंपांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी जुन्या नोंदी, कागदपत्रं, इतिहास धुंडाळून कुठे काय आणि कधी घडलं याची यादी केली. आपल्याकडे बखरी चाळाव्या तसं हे काम. तेव्हा ते अवघे तेहेतीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये नेपल्ससमोरच्या इस्किया बेटावर भूकंप झाला. कासामिच्चोला हे गाव जवळजवळ पुसलं गेलं, तेवीसशेहून अधिक माणसं गेली. मेर्काल्लींनी त्या भूकंपाचा अभ्यास केला. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या आंदालुसियात भूकंप झाला, १८८७ मध्ये लिगुरियाच्या किनाऱ्यावर. दोन्हींवर त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञ तोर्क्वातो तारामेल्ली यांच्यासोबत काम केलं. पुस्तकी यादी करणारा माणूस आता ढिगाऱ्यांमध्ये उभा राहून नोंदी करू लागला होता.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यात एक धक्का बसला, जमिनीचा नव्हे. आन्तोनियो रोझ्मिनी नावाचे एक विचारवंत धर्मगुरू होऊन गेले होते. त्यांच्या काही विधानांना रोमने १८८८ मध्ये जाहीरपणे चुकीचं ठरवलं. मेर्काल्ली रोझ्मिनींना मानणारे. रोझ्मिनींच्या स्मारकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि सेमिनरीतली त्यांची जागा गेली. अडतीस-एकोणचाळीस वर्षांचं वय, नाव झालेलं, आणि स्वतःच्याच घराचं दार बंद. इथे मी वाचताना थांबले. कारण या ठिकाणी माणसं साधारण दोनपैकी एक करतात. झगा उतरवून निघून जातात, नाहीतर गप्प बसतात. मेर्काल्लींनी दोन्ही केलं नाही. ते धर्मगुरूच राहिले, आणि सरकारी शाळेत शिकवायला निघाले. आधी आल्प्सच्या पायथ्याचं दोमोदोस्सोला, मग इटलीच्या पार दुसऱ्या टोकाला, रेज्जो कालाब्रिया.

बदली म्हणून पाहिलं तर ही शिक्षाच. उत्तरेच्या माणसाला दक्षिणेचं ते टोक परकंच वाटणार. पण नकाशा काढून बघा. रेज्जोच्या समोर मेस्सिनाची सामुद्रधुनी, पलीकडे एट्ना, आणि उत्तरेला समुद्रात आयोलियन बेटं. त्याच बेटांमध्ये स्ट्रॉम्बोली आणि व्हल्कानो. शिक्षा म्हणून पाठवलेला माणूस बरोबर आपल्या विषयाच्या अंगणात येऊन पडला.

आता जरा स्वयंपाकघरात जाऊ, म्हणजे पुढचं समजेल.

साखरेचा पाक करताना आपण तार बघतो. एकतारी पाक ताटात ओतला की सरसर पसरतो. चिक्कीचा गोळीबंद पाक ओतला तर जिथे पडला तिथेच बसतो, उलथन्याने ढकलावा लागतो. लाव्हाचंही असंच आहे, फक्त तिथे तार ठरते ती सिलिकावरून. सिलिका म्हणजे वाळू, काच, गारगोटी यांच्यात असतो तो पदार्थ. वितळलेल्या दगडात सिलिकाचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात. सिलिका जितकी जास्त, तितक्या साखळ्या लांब आणि तितका रस चिकट. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के, म्हणून तो एकतारी. शिवाय तो अकराशे-बाराशे अंशांवर बाहेर येतो, त्यामुळे आणखीच पातळ. अँडेसाइट मधला. ऱ्हायोलाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर, आणि तो त्या मानाने थंड, सातशे-आठशे अंशांचा. हा झाला गोळीबंद.

यावरून डोंगराचा आकार ठरतो. पातळ रस दूरवर पसरतो आणि थरावर थर चढून पालथ्या ढालीसारखा बसका, अवाढव्य डोंगर होतो, हवाई बेटांवर आहे तसा. दख्खनमध्ये तर रस जमिनीच्या भेगांतून इतका आला की डोंगर न होता पठारच झालं. मधल्या चिकटपणाचा रस आणि राख आलटून पालटून साचली तर व्हेसुव्हियससारखा उभ्या चढाचा शंकू होतो. अगदी चिकट रस तोंडाशीच फुगून घुमट होऊन बसतो.

पण डोंगराच्या आकाराने माणूस मरत नाही. माणूस मरतो तो वायूमुळे. रसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर आला, दाब कमी झाला की ते बुडबुडे होऊन सुटायला बघतात. पातळ रसातून ते सहज निघून जातात. चिकट रसात अडकतात, दाब वाढत जातो, आणि एका क्षणी सगळं फुटतं. म्हणून लाल नदीसारखा वाहणारा लाव्हा दिसायला भयंकर असला तरी बहुतेक वेळा त्याच्यापासून चालत दूर जाता येतं. शांत, बूच लागलेल्या डोंगराचीच खरी भीती.

ही रसायनाची बाजू. मेर्काल्लींच्या काळात ती सगळी अशी उलगडलेली नव्हती. त्यांनी काय केलं, तर डोंगरांच्या वागण्याकडे पाहिलं आणि त्या वागण्याला नावं दिली. आज जगभर शिकवले जाणारे स्ट्रॉम्बोली प्रकार आणि व्हल्कानो प्रकार हे वर्गीकरण त्यांच्या निरीक्षणातून आलं.

स्ट्रॉम्बोली म्हणजे चुलीवरचं पिठलं. रटरट शिजतंय, दर काही मिनिटांनी एक मोठा बुडबुडा येतो, फटकन फुटतो आणि शिंतोडे उडतात. रस बेसॉल्टच्या जवळचा, पण हवाईपेक्षा थोडा दाट, त्यामुळे वायू बुडबुड्या-बुडबुड्याने सुटतो. रात्री लालभडक शिंतोडे समुद्रावरून दिसतात. शतकानुशतकं हे असंच चालू आहे, म्हणून खलाशांनी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हटलं.

व्हल्कानो बेट त्याच माळेतलं, पण स्वभाव अगदी उलटा. या बेटाच्या नावावरूनच अनेक युरोपीय भाषांत ज्वालामुखीला शब्द मिळाला. तिथला रस चिकट. तो वर येतो, तोंडाशी थिजतो आणि झाकण बसतं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. माणसं तिथे जाऊन राहतात, गंधक आणि तुरटी काढतात. ऑगस्ट १८८८ मध्ये ते झाकण उडालं. मार्च १८९० पर्यंत स्फोट होत राहिले. बेटावरचा कारखाना बसला तो बसलाच. मेर्काल्लींनी ओराझ्यो सिल्वेस्त्री यांच्यासोबत या उद्रेकाचा अभ्यास केला. हवेत उडालेले दगड खाली पडले तेव्हा त्यांच्या पाठीवर भेगा होत्या, भट्टीतून काढलेल्या पावाच्या पाठीवर असतात तशा. बाहेरचं कवच थंड होऊन कडक झालं आणि आतला वायू अजून फुगतच होता, म्हणून ते तडकले. अशा दगडांना आजही पावाच्या कवचाचे बॉम्ब म्हणतात. साधी गोष्ट, पण तेवढ्या भेगांवरून रस किती चिकट होता आणि आत किती वायू कोंडला होता ते वाचता येतं.

१८९२ मध्ये मेर्काल्ली नेपल्सला आले आणि व्हित्तोरिओ एमानुएले या शाळेत शिकवू लागले. तिथे ते जवळजवळ दोन दशकं होते. जगात नाव झालेला शास्त्रज्ञ, पण पोटापाण्याला शाळामास्तर. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता जुझेप्पे मोस्काती. आपल्यापैकी काहींच्या घरी त्याची तसबीर असेल. पुढे तो डॉक्टर झाला, गरिबांकडून पैसे न घेणारा डॉक्टर, आणि १९८७ मध्ये संत घोषित झाला.

एप्रिल १९०६ मध्ये व्हेसुव्हियस फुटला. व्हेसुव्हियस या सगळ्यांत लहरी. त्याच्या रसात सिलिका फार नाही, पोटॅशियम भरपूर आणि वायू भरपूर. तोंड उघडं असलं की तो रस सोडत राहतो. तोंड बंद होऊन रस आत बराच काळ पडून राहिला, की जड स्फटिक आधी वेगळे होतात आणि उरलेला रस आणखी चिकट होत जातो. म्हणून एकच डोंगर कधी वाहतो, कधी फुटतो. त्या एप्रिलमध्ये त्याने दोन्ही केलं. आधी कुशीतून लाव्हा आला आणि बोस्कोत्रेकासे गावात शिरला, मग ८ तारखेला डोंगराचा माथाच उडाला. तो झावळ्यांचा रविवार होता. सान जुझेप्पे या गावात लोक आसऱ्याला देवळात जमले होते. छपरावर राख साचत गेली. ओली राख किती जड होते याची कल्पना प्रार्थना करणाऱ्या माणसाला कशी असणार? छप्पर कोसळलं आणि शंभराच्या वर माणसं तिथेच गेली. त्याच दिवसांत तोर्रे देल ग्रेको इथल्या इस्पितळातून तरुण डॉक्टर मोस्काती हातपाय न हलवू शकणाऱ्या रुग्णांना बाहेर काढत होता. शेवटचा रुग्ण बाहेर आला आणि थोड्याच वेळात छप्पर खाली आलं.

एकीकडे देऊळ, दुसरीकडे इस्पितळ. दोन्हीकडे श्रद्धा होती. एकीकडे छपराचा हिशेबही केला गेला. मोस्कातीला हे त्याच्या शाळेतल्या फादरांनी शिकवलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण मला ही दोन माणसं एकमेकांजवळ दिसतात हे खरं.

मेर्काल्लींनी त्या उद्रेकाचा तपशीलवार अभ्यास केला आणि १९०७ मध्ये जगातल्या जिवंत ज्वालामुखींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्याआधी १९०२ मध्ये, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, ८ मे रोजी, मार्टिनिक बेटावर माँ पेले फुटला होता आणि सुमारे अठ्ठावीस हजार वस्तीचं सेंट पियेर शहर काही मिनिटांत संपलं होतं. तिथला रस अँडेसाइटचा, घुमट करून बसणारा. त्यावर अभ्यास करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ लाक्रोआ यांनी हवाई, स्ट्रॉम्बोली आणि व्हल्कानो यांच्यापुढे पेले हा चौथा प्रकार मांडला. पातळाकडून घट्टाकडे जाणारी ती शिडी आजही वर्गात तशीच शिकवतात.

दुसरी शिडी मेर्काल्लींची स्वतःची. भूकंपाची तीव्रता सांगणारी रोस्सी आणि फोरेल यांची एक पद्धत आधीपासून होती. मेर्काल्लींनी ती तपासून, सुधारून १९०२ मध्ये आपली दहा पायऱ्यांची पद्धत मांडली. इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण परीक्षेतही आपण घोळ घालतो. रिश्टरचा आकडा भूकंपाची ताकद सांगतो, एका भूकंपाला एक आकडा. मेर्काल्लींचा आकडा सांगतो की तुमच्या गावात काय झालं. झोपलेली माणसं जागी झाली का, टांगलेले दिवे हलले का, भिंतींना तडे गेले का, घरं पडली का. त्यामुळे एकाच भूकंपाला प्रत्येक गावात वेगळा आकडा असतो. २६ जानेवारी २००१ ला भूज उद्ध्वस्त झालं तेव्हा माझ्या आईला इथे बडोद्यात मांडणीवरची भांडी वाजल्याचं आठवतं. भूकंप एकच, पण भूजचा आकडा वेगळा आणि आमच्या मांडणीचा वेगळा. यंत्र नसलेल्या गावातली म्हातारीसुद्धा या मोजमापात साक्ष देऊ शकते. मला हे मोजमाप धर्मगुरूला शोभेसं वाटतं. डोंगराला काय झालं याच्या आधी ते विचारतं की माणसाला काय झालं.

ही पद्धत मांडून सहा वर्षं झाली आणि २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत भूकंप झाला. मेस्सिना गेलं, रेज्जो गेलं. सत्तर हजारांहून अधिक माणसं गेली. जिथे त्यांनी मुलांना शिकवलं होतं ते हेच रेज्जो. मेर्काल्लींनी त्या भूकंपावरही अभ्यास लिहून काढला. ओळखीच्या रस्त्यांना आकडे देताना त्यांना काय वाटलं असेल, हे कुठल्याच शास्त्रीय अहवालात लिहीत नाहीत. त्यांच्या शिडीला कांकानी यांनी आणखी दोन पायऱ्या जोडून ती बाराची केली होती. पुढे इतरांनी तिच्यात भर घातली, आणि सुधारित रूपात ती आजही वापरात आहे.

१९११ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, मेर्काल्ली व्हेसुव्हियसच्या वेधशाळेचे संचालक झाले. १८४१ पासूनची ही वेधशाळा, ज्वालामुखीवर नजर ठेवणारी जगातली सगळ्यात जुनी. सेमिनरीतून निघालेला माणूस इतक्या वर्षांनी आपल्या जागी पोहोचला. १९०६ पासून डोंगर गप्प होता. १९१३ च्या उन्हाळ्यात विवराच्या तळाशी पुन्हा लाव्हा दिसू लागला. बूच उघडलं, डोंगर पुन्हा श्वास घेऊ लागला, आणि हे पाहायला तो वाचता येणारा माणूस जागेवर होता.

पण फार दिवस नाही. १९ मार्च १९१४ ला, सेंट जोसेफच्या सणाला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या सणाला, नेपल्समधल्या त्यांच्या घरात आग लागली आणि मेर्काल्ली तिच्यात गेले. वय त्रेसष्ट. रात्री काम करताना रॉकेलचा दिवा कलंडला असावा असं आधी धरलं गेलं. नंतर घरातले पैसे नाहीसे झाल्याचं कळलं, आणि चोरीसाठी खून करून आग लावली असाही संशय आला. नक्की काय झालं ते उलगडलं नाही. जन्मभर धगधगत्या डोंगरांच्या तोंडाशी जाऊन सुखरूप परत आलेला माणूस आपल्याच खोलीत, एका दिव्याच्या आगीत गेला.

मृत्यूनंतरच्या दोन गोष्टी सांगून थांबते. बरोबर तीस वर्षांनी, मार्च १९४४ मध्ये, व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक झाला. तेव्हापासून तो गप्प आहे, आणि त्याच्या पायथ्याशी लाखो लोक राहतात. गप्प डोंगराचा अर्थ काय होऊ शकतो ते आता तुम्हालाही माहीत आहे. आणि ज्या रोझ्मिनींची बाजू घेतली म्हणून मेर्काल्लींची नोकरी गेली, त्यांना चर्चने २००७ मध्ये धन्यवादित म्हणून घोषित केलं. एकशेवीस वर्षं लागली म्हणा. दगड थिजायला वेळ लागतो तसा माणसांना वितळायलाही लागतो.

पावागडचे ते दोन दगड मी अजून ठेवले आहेत, खिडकीत. एक काळा, एक फिकट. दोन्ही आगीतूनच आलेले, फक्त एकाने वाट काढली आणि दुसऱ्याने धरून ठेवलं. मेर्काल्लींना सेमिनरीतून बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या आत काय काय कोंडलं असेल कोण जाणे. पण ते फुटले नाहीत, वाहत राहिले. दोमोदोस्सोलापासून रेज्जोपर्यंत, आणि तिथून आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापर्यंत.